सेर्गी म्हणजे पथारी: इझमिरमध्ये एका शब्दाच्या मागावर

माझ्या तुर्की शब्दांच्या वहीत ‘एक्झिबिशन’ या इंग्रजी शब्दासमोरची जागा कितीतरी महिने कोरी होती. शब्दकोशात त्यासाठी सेर्गी, फुआर, ग्योस्तेरी, तेशहिर असे एकापुढे एक शब्द सापडत होते. शेवटी ‘बुर्स’ म्हणजे विद्यार्थ्याला मिळणारी शिष्यवृत्ती हाही अर्थ होता, कारण इंग्लंडमधल्या जुन्या विद्यापीठांत एका प्रकारच्या शिष्यवृत्तीला ‘एक्झिबिशन’च म्हणतात. मराठीत आपण यांतल्या बहुतेकांना ‘प्रदर्शन’ म्हणून मोकळे होतो, त्यामुळे यातला कोणता शब्द कुठे वापरायचा हे मला घरी बसून कळणे शक्य नव्हते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुर्कस्तानातल्या इझमिर शहरी जाण्याचे ठरले तेव्हा ती वही मी आठवणीने बरोबर घेतली.

इझमिरची आंतरराष्ट्रीय जत्रा क्युल्त्युरपार्क नावाच्या विस्तीर्ण उद्यानात भरते. बासमाने रेल्वे स्थानकाकडून चालत आल्यावर जे प्रवेशद्वार लागते त्याचे नाव ‘दोकुझ एयल्युल’, म्हणजे नऊ सप्टेंबर. 1922 साली याच तारखेला तुर्की सैन्य शहरात आले होते. त्यानंतर काही दिवसांतच लागलेल्या आगीत शहराचा मोठा भाग जळून गेला, आणि जळालेल्या त्या जागेवरच, बेहचेत उझ हे नगराध्यक्ष असताना, 1936 साली हे उद्यान उभे राहिले. आज तिथल्या गर्द झाडांखालून चालताना खाली एका जळालेल्या वस्तीची जमीन आहे, हे मनातून जात नाही.

आत शिरल्यावर मी एका रखवालदाराला ‘सेर्गी कुठे आहे’ असे विचारले. त्याने मला अगदी आपुलकीने एका चित्रदालनाच्या दारापर्यंत नेऊन सोडले. मला हवी होती ती दुकाने, पाळणे आणि रात्रीची गाणी मात्र सगळी दुसऱ्या बाजूला होती, आणि तिचे नाव होते ‘फुआर’. भिंतीवर टांगलेली किंवा काचेमागे ठेवलेली वस्तू शांतपणे पाहायची असेल तर ती सेर्गी, आणि जिथे व्यापारी येतात, सौदे होतात, लोक कुटुंबासह फिरतात ते फुआर, असा भेद आजच्या बोलण्यात पक्का आहे. पुस्तकांचे जे भरते तेही फुआरच.

गंमत वाटावी अशी गोष्ट ही की, याच जत्रेने स्वतःचे नाव दोनदा बदलले आहे. 1927 साली ती भरली तेव्हा ती ‘सेर्गी’ होती, 1933 साली ती ‘पानायिर’ झाली आणि 1936 साली ‘फुआर’. पानायिर हा शब्द ग्रीकांकडून आलेला असून त्याचा मूळ अर्थ सर्वांचे एकत्र जमणे. संतांच्या सणाला गावोगाव जी गर्दी जमे आणि तिच्या आधाराने जो बाजार भरे, तो पानायिर. फुआर फ्रेंचांकडून आला, पण त्याच्याही मुळाशी लॅटिनमधले सणाचे दिवसच आहेत. आपली जत्रा ‘यात्रा’ या शब्दातून आली, देवाला जाणाऱ्यांच्या वाटेवर पाल पडले आणि खेळणी-रेवड्यांची दुकाने लागली, तसेच हे आहे. म्हणून पानायिरसमोर मी वहीत ‘जत्रा’ लिहिले, आणि ते लिहिताना एकदाही अडखळलो नाही.

ग्योस्तेरी हा शब्द ‘दाखवणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला आहे. नृत्याचा कार्यक्रम ही ग्योस्तेरी, आणि रस्त्यावरचा निषेध मोर्चाही ग्योस्तेरीच. हिंदीतही ‘प्रदर्शन’ म्हटले की मोर्चा डोळ्यांसमोर येतो. मराठीने मात्र त्यासाठी ‘निदर्शने’ हा वेगळा शब्द राखून ठेवला आहे, आणि मला तो आपल्या भाषेचा मोठा विवेक वाटतो. तेशहिर या शब्दाची कथा अधिक काळी आहे. ‘मशहूर’ ज्या अरबी धातूपासून आला त्याच धातूचा हा शब्द. दुकानात वस्तू मांडून दाखवणे हाही तेशहिर, पण ऑटोमन काळात गुन्हेगाराला बाजारातून फिरवून लोकांना दाखवण्याच्या शिक्षेचेही नाव तेशहिरच होते. इथे ‘प्रदर्शन’ हा शब्द अजिबात चालणार नाही. इथे ‘धिंड’ हाच शब्द हवा.

राहिला सेर्गी. तो ‘सेरमेक’ या क्रियापदापासून झाला आहे, आणि सेरमेक म्हणजे अंथरणे, पसरणे. केमेरआल्तीच्या जुन्या बाजारात एका गालिचेवाल्याने माझ्यासमोर एकावर एक सात-आठ गालिचे उलगडले आणि प्रत्येक वेळी हात फिरवून कापड सपाट केले. ते पाहताना हे क्रियापद मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसले. रस्त्यावर कापड अंथरून त्यावर विकायला मांडलेला मालसुद्धा सेर्गीच म्हणवतो. पुण्यात आपण ज्याला पथारी म्हणतो, ती हीच. म्हणजे तुर्की माणूस चित्रकाराच्या दालनासाठी जो शब्द वापरतो, तोच रस्त्यावरच्या पथारीवाल्यासाठीही वापरतो, आणि दोघांनाही त्यात काही कमीपणा वाटत नाही.

परतण्याच्या आदल्या दिवशी मी मनिसाच्या बाजूला द्राक्षांच्या मळ्यांकडे गेलो, कारण माझे गाव तासगाव आहे आणि बेदाण्याच्या शेडमध्ये माझे बालपण गेले आहे. आपण ज्याला थॉमसन म्हणतो तेच बिनबियांचे द्राक्ष तिथे सुलताना या नावाने पिकते. आपल्याकडे ते शेडमधल्या सावलीत, जाळीच्या रॅकवर वाळते आणि त्याचा रंग हिरवट राहतो. तिथे पोटॅशच्या पाण्यात बुडवलेले घड थेट उन्हात, जमिनीवरच्या जाड कापडावर ओळीने पसरतात, आणि काही दिवसांत ते सोनेरी होतात. एक वयस्कर बाई गुडघ्यावर बसून घड उलटे करीत होत्या. तिथे परक्या मोठ्या बाईलाही ‘तेयझे’, म्हणजे मावशी, म्हणतात. तसे म्हणून मी त्या पसरलेल्या द्राक्षांकडे बोट दाखवले आणि याला काय म्हणता, असे विचारले.

‘सेर्गी,’ त्या म्हणाल्या, आणि तुमच्याकडे काय म्हणता, असे त्यांनी उलट विचारले. आमच्या गावात सगळे ‘शेड’ आणि ‘रॅक’ म्हणतात, तेच शब्द आधी माझ्या तोंडावर आले, पण ते सांगावेसे वाटेना. मग उन्हाळ्यात अंगणात जुन्या लुगड्यावर कुरडया घालणारी आजी आठवली. ‘वाळवण,’ मी म्हणालो. मावशींनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, ओंजळभर अर्धवट वाळलेले मणी माझ्या हातावर ठेवले आणि पुढच्या ओळीकडे सरकल्या.