आमच्याकडे उलटं झालं

अलंकार म्हटलं की अकरावीच्या पोरांना कविता आठवते आणि कविता म्हटलं की परीक्षेतले गुण. वाद घालणाऱ्या गद्यातही अलंकार राबतो, हे त्यांच्या गावीही नसतं. म्हणून वैचारिक लेखनाच्या तासाला मी फळ्यावर महात्मा फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'मधल्या ओळी लिहिल्या : 'विद्येविना मति गेली, मतिविना नीति गेली, नीतिविना गति गेली, गतिविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले.'

एकाचा परिणाम पुढच्याचं कारण होतो, ती कारणमाला. हे नाव सांगून झालं. मग म्हटलं, 'गेली' काढून दरवेळी वेगळं क्रियापद घाला. मती हरपली, नीती ढासळली, गती मंदावली... ओळी एकदम शाळकरी निबंधासारख्या झाल्या. पुनरुक्ती हा दरवेळी दोष नसतो, हे मला वेगळं सांगावंच लागलं नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण आमच्याकडे उलटं झालं. आधी पैसा गेला, मग आबांची शाळा सुटली." दोघंतिघं म्हणाले, "आमच्याकडेपण."

तिने नेमकं बोट ठेवलं होतं. ओळींची लय इतकी पक्की आहे, की एकेका दुव्याला पुरावा मागायचं आपण विसरतो. दावा आणि पुरावा यांतला फरक व्याख्या सांगून इतका कधी कळत नाही.

गंमत म्हणजे तिची बाजू खुद्द फुल्यांनीच मांडून ठेवली आहे. 'असूड' 1883चा. आदल्याच वर्षी, ऑक्टोबर 1882मध्ये, हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात ते सांगतात, की पराकोटीच्या गरिबीमुळे गुरं राखायला आणि शेत बघायला मुलं लागतात, म्हणून ती शाळेत येत नाहीत. उपायही दिलेत : शिष्यवृत्त्या, बक्षिसं, निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण. निवेदन इंग्रजीत, सरळ, मागण्यांवर मागण्या. 'असूड'मधला मजकूर मात्र त्यांनी जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला होता. ऐकणारे बदलले, तशी मांडणी बदलली.

मग मी विचारलं, सकाळच्या एसटीची मागणी करायची तर काय लिहाल? ती म्हणाली, "आगारप्रमुखांना मुली किती, अंतर किती, पहिला तास कितीचा, एवढंच. ग्रामसभेत आकडे नकोत. तिथे अंधारात चालत निघालेल्या पोरीपासून सुरुवात करायची." एका मुलाला हे मान्य नव्हतं. ग्रामसभेत बसणारेच सगळ्यात हिशेबी असतात, तिथे आधी आकडेच लागतात, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं नाही, पण खोडूनही काढता आलं नाही.