मामांचा मल्टिमीटर आणि चार लाखांचा अँप

घरी सांगितलं होतं, मामांना भेटून येतो. ते खोटं नव्हतं. फक्त मामांना घेऊन पुण्यात सेनापती बापट रस्त्याकडच्या एका हॉटेलात जायचं होतं आणि तिथे हाय-फाय ऑडिओचं प्रदर्शन भरलं होतं, एवढा तपशील मी गाळला. "तीन वर्षांत मामांची आठवण आली नाही ती?" असं बायको म्हणालीच. बाहेरच्या खोलीतला माझा वीस वर्षांचा अँप, म्हणजे अँप्लिफायर, हल्ली डावीकडून खरखरतो, हे तिलाही ऐकू येतंच की.

साताऱ्याहून पहाटेची एसटी, खंबाटकीत नेहमीची रांग, स्वारगेट. तिथून मंडई मेट्रोने एकच स्टेशन, आणि त्या एका स्टेशनासाठी जमिनीखाली उतरून परत वर येण्यात चालण्यापेक्षा जास्त वेळ गेला. मामा दारातच उभे. वय त्र्याहत्तर, खांद्याला शबनम. तापकीर गल्लीजवळ त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, चाळीस वर्षं. शबनममध्ये थालीपिठाचा डबा, पाण्याची बाटली आणि व्होल्ट मोजायचा पिवळा मल्टिमीटर.

"मामा, मीटर कशाला?"

"विजेच्या ठिकाणी चाललोय ना? असू दे."

हॉटेलच्या दोन मजल्यांवर प्रत्येक विक्रेत्याने एकेक खोली घेतलेली. पलंग बाहेर काढलेले, भिंतींना फोमचे तक्ते टेकवलेले, पडदे ओढलेले. दोन खोल्यांमध्ये हॉटेलची भिंत म्हणजे पत्र्याहून थोडी बरी. त्यामुळे एका खोलीत हळुवार पियानो ऐकत बसावं तर शेजारून युद्धाचा सिनेमा चाललेला, सबवूफरसकट. एसी चालू ठेवला तर त्याची घरघर, बंद केला तर तीस माणसांचा घाम. लाखो रुपयांची यंत्रं अशा जागेत ऐकवायची म्हणजे हापूस आंबा लाल तिखट लावून द्यायचा. कॉफी साडेतीनशे रुपये. मामांनी किंमत वाचली आणि जिन्यात बसून थालीपिठाचा डबा उघडला.

माझी दुसरी तक्रार गाण्यांची. खोली कोणतीही असो, तीच एक इंग्रजीत कुजबुजणारी बाई, तेच गिटार, तोच ढोल. तीन तासांत पेटी नाही, तबला नाही, तंबोरा नाही. ज्या गावात १९५३ सालापासून सवाई गंधर्व महोत्सव भरतो, तिथे ही परिस्थिती. पेनड्राइव्हवर मी भीमसेनांची एक मैफल घेऊन गेलो होतो, सीडीवरून उतरवलेली. पहिल्या दोन खोल्यांत "सर, नंतर लावू या" झालं. तिसऱ्या खोलीतल्या माणसाने फाइल पाहून तोंड वाकडं केलं. सीडीत आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, त्याच्याकडच्या फायलींत १,९२,०००. "फरक जाणवेल सर." आता खरं सांगतो. घरी मोबाइलवर शिट्टीचा आवाज वाढत्या कंपनाने लावून पाहिलाय, माझे कान बारा हजार हर्ट्झच्या आसपास संपतात. सीडी नमुन्यांच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे बावीस हजारांपर्यंत जाते. म्हणजे तिचाच वरचा मजला माझ्याकडून रिकामा पडून आहे. तरी मी मान हलवली आणि "हो, जाणवतो" म्हणालो. का म्हणालो, कोण जाणे.

एका खोलीत विजेची नुसती दीड मीटरची केबल पंच्याऐंशी हजारांना होती. मामांनी ती हातात घेऊन वजन केलं. "खांबापासून घरापर्यंत साधी तार. मग शेवटचं दीड मीटर हे. बरं." आणि जागेवर ठेवून दिली, अगदी जपून.

पाचव्या खोलीत तरुण मुलगा होता, कानात बाळी, वागायला गोड. त्याने माझा पेनड्राइव्ह आनंदाने घेतला. एकाच स्पीकर जोडीवर दोन अँप होते आणि मध्ये स्विचबॉक्स. एक अठ्ठेचाळीस हजारांचा काळा डबा. दुसरा चार लाख दहा हजारांचा, जाड अॅल्युमिनियमचा, निळ्या उजेडात डुलणाऱ्या दोन काट्यांचा. मैफल सुरू झाली. गाणं सुरू व्हायच्या आधीचा तंबोरा, काळ्या डब्यावर. ठीक होता. मग त्याने स्विच फिरवला.

तंबोरा उघडला हो. जवारी, तारांची ती झणझण, सुटी सुटी ऐकू आली, खर्जाची तार खोलीभर पसरली, मागे कोणीतरी खाकरलं तेसुद्धा. माझ्या अंगावर काटा आला. मनात एफडीचा हिशेब सुरू झाला. कुठली मोडायची, मुलीच्या शिक्षणाची सोडून उरलेल्यांपैकी.

"आवाज वाढला की रे," मामा मागून म्हणाले.

"नाही काका, दोन्ही नॉब बारावरच आहेत."

"बारावर असले म्हणून काय झालं? याचा गेन, म्हणजे आवाज किती पट वाढवतो ते, वेगळा, त्याचा वेगळा. टोन लाव एखादा. शंभर हर्ट्झचा लाव, माझा मीटर स्वस्त आहे, चारशेच्या वर गेलं की खोटं बोलतो."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग त्याने खरंच टोन लावला, खोलीत भुंगा शिरल्यासारखा. मामा गुडघे धरत स्पीकरच्या मागे खाली बसले आणि टर्मिनलवर मीटरच्या काड्या टेकवल्या. काळ्या डब्यावर २.० व्होल्ट. चार लाखांवर २.५. हिशेबाने जवळजवळ दोन डेसिबल. एवढा आवाज वाढला की कानाला तो मोठा वाटेलच असं नाही. तो भरदार वाटतो, मोकळा वाटतो, स्वच्छ वाटतो. खालचे सूर तर हमखास उठून दिसतात, कारण आवाज बारीक असताना आपला कान खर्जाला कमी दाद देतो. मुलाने काही मुद्दाम केलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, मीटर लावून त्यानेही कधी पाहिलं नव्हतं.

मोठ्या अँपचा नॉब खाली आणून दोन्ही आकडे जुळवले. मग मामांनी मला पडद्याकडे तोंड करून उभं केलं, शाळेत करतात तसं. ते रुपयाचं नाणं उडवणार, त्याप्रमाणे स्विच फिरवणार, मी नाव सांगायचं, मुलाने कागदावर लिहायचं. दहा वेळा. पहिल्या दोन वेळा मी ठणकावून सांगितलं. तिसऱ्यापासून घसा कोरडा. भीमसेन आपले गात होते आणि मी तिकडे लक्षच न देता कुठे काही जास्त चमकतंय का ते शोधत होतो. मागे माणसं जमली. कोणीतरी "काका, सातवा चुकला" म्हणालं आणि हसलं.

दहापैकी सहा.

"नाणं उडवूनही एवढे येतात," मामा म्हणाले. ज्याच्या घरी दिवाळीला राहायला जायचो त्या माणसाने तीस लोकांसमोर हे म्हणावं! मुलानेही मग हौसेने पडद्याकडे तोंड केलं. त्याचे चार आले. "काका," तो हळूच म्हणाला, "हे आपण सात वाजल्यानंतर करायला हवं होतं." मला तो मुलगा फार आवडला.

मामा जोरात होते. एकदा बोलायला लागले की पीएमपीओवर, म्हणजे जाहिरातीतल्या फुगवलेल्या वॅटवर, येतातच. नव्वदच्या सुमाराला टू-इन-वनवर १२०० वॅट पीएमपीओची स्टिकरं असायची आणि आत दहा वॅटचाही ट्रान्सफॉर्मर नसायचा, ही गोष्ट लिफ्टसमोरच्या रांगेत दोनदा झाली.

शेवटच्या खोलीत मात्र ते गप्प झाले. तिथे व्हॉल्व्हचा अँप होता. दिवे मालवलेले, टेबलावर काचेच्या नळ्या मंद नारिंगी पेटलेल्या. एका बाजूला दोन ईएल८४, मिळून जेमतेम दहा-बारा वॅट. "हा आपल्या जुन्या रेडिओत असायचा," एवढंच बोलले. मी म्हटलं, मीटर काढू का? "कशाला? बस जरा." वीस मिनिटं बसलो. आवाज खरं तर वर थोडा बोथट आणि खाली ढगळ होता. मी ते म्हणालो नाही.

निघताना "टॉयलेटला जाऊन येतो" सांगून पाचव्या खोलीत परत गेलो. मुलगा वायरी गुंडाळत होता. चार लाखांच्या अँपचा नॉब मी एकदा फिरवून पाहिला. तुपातून फिरावा तसा जड, मऊ, आवाज न करता. काटे हलले. दहापैकी सहा माहीत असून मला तो तितकाच हवा होता, काकणभर जास्तच. मुलगा म्हणाला, "सर, ईएमआय आहे." मी माहितीपत्रक घेतलं. एसटीत ते वाचत बसलो आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरचा फाटका स्पीकर कात्रजपासून साताऱ्यापर्यंत कोकलत होता.

तीन दिवसांनी मामांचा फोन. मामींची तब्येत, पाऊस, माझी बदली, सगळं झालं. मग जरा थांबले.

"ती नळ्यांवाली खोली होती ना. किंमत विचारली होतीस का तू?"

"मामा, बारा वॅट आहे तो."

"ते तू मला सांगतोस? किंमत सांग."

मी माहितीपत्रकांचा गठ्ठा शोधायला उठलो.