कळा कमरेत आल्या तेव्हा

कळा पोटात येतात, असंच आजवर ऐकलं होतं. माझ्या आल्या त्या कमरेत, माकडहाडाच्या जरा वर. पोट नुसतं दगडासारखं कडक व्हायचं.

पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी साताऱ्याला. खोट्या कळांनी आधी एकदा दवाखान्याची वारी घडवली होती, त्यामुळे या वेळी आईने कढत पाण्याने आंघोळ करायला लावली. "खोट्या असतील तर थांबतील." थांबल्या नाहीत, उलट ठरावीक अंतराने यायला लागल्या.

दवाखान्यात सिस्टरनी तपासलं आणि पिशवीचं तोंड दोनच सेंटीमीटर उघडलंय म्हणाल्या. लागतात दहा! तासाला एक सेंटीमीटर असं कुठेतरी वाचलेलं, त्यावरून मी हिशेब करायला लागले. डॉक्टरबाई म्हणाल्या, तो हिशेब जुना झाला. पाच सेंटीमीटरपर्यंत कुणाला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2018 मध्ये हेच म्हटलंय. बाळाचे ठोके चांगले आहेत, तूही ठीक आहेस, मग घाई कशाला?

कमरेचं कारणही त्यांनीच सांगितलं. बाळाचं तोंड माझ्या पोटाकडे होतं, त्यामुळे डोक्याची मागची बाजू कण्यावर दाबत होती. हे कळल्याने दुखायचं काही थांबलं नाही, पण काय करायचं ते तरी कळलं. उताणं झोपणं बंद. कॉटवर हात-गुडघे टेकून ओणवी राहायचे, कळ आली की कंबर हळूहळू हलवायची. नवरा बिचारा हलक्या हाताने पाठ चोळत होता आणि मला त्याचा भयंकर राग येत होता. वॉर्डातल्या मावशींनी त्याला बाजूला केलं. "चोळू नका, दाबा. बंद पडलेली गाडी ढकलतो तसं." दोन्ही तळवे कमरेखाली टेकवून त्यांनी असा काही जोर दिला की त्या कळेत मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. मग तो शिकला, मनगटं भरून येईपर्यंत दाबत राहिला.

एक सिस्टर सारखं "ओरडू नका, शक्ती जाते" म्हणायच्या. किंचाळलं की खांदे-जबडा आवळतो, हे खरंच. पण तोंड मिटून सोसणं मला जमणारं नव्हतं. खालच्या सुरात लांबलचक "आऽऽ" काढला की श्वास आपोआप पूर्ण सुटायचा, तेवढं पुरायचं. आणि कळ साधारण मिनिटभराची असते, नंतर ती सोडते. मधल्या वेळात कंबर ठणकायची, पण तेवढ्यातही मी चक्क डुलक्या काढल्या.

सहा सेंटीमीटरला मी एपिड्युरल, म्हणजे कळा बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन, मागितलं. आई म्हणाली, "आम्ही नाही का सोसलं?" आत्याचं म्हणणं, पाठ कायमची जाते. भूलतज्ज्ञांनी दोघींसमोरच सांगितलं, की सुई टोचली तिथे काही दिवस दुखेल, पण त्याने कायमची पाठदुखी लागते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. सिझरचं प्रमाणही वाढत नाही. जोर देण्याचा टप्पा मात्र लांबू शकतो. आई सोसू शकली याचं मला कौतुकच आहे, पण म्हणून मीही सोसायचं हे काही पटलं नाही.

अवघड काय, तर उशी पोटाशी धरून पाठीचा बाक काढून बसायचं आणि ऐन कळेत जराही हलायचं नाही. नंतर पाठीत बारीक नळी, तिच्यातून औषध. वीसेक मिनिटांत कळांची धार गेली, पाय जड झाले. लघवीला नळी लागली, बीपी सारखं तपासत होते. मी झोपले.

जाग आली ती खाली दाब वाटायला लागला म्हणून, थेट शीला लागल्यासारखा. तोवर बाळ आपलं आपण वळलं होतं. कळ यायची ते पोटावर हात ठेवून कळत होतं, तेव्हाच जोर द्यायचा. जोर द्यायला वेळ लागला खरा, पण बाळाला ओढून काढायला चिमटा-व्हॅक्यूम काही लागलं नाही. मुलगी झाली. मग वार पडली, थोडे टाके पडले.

एवढं झाल्यावर कळा संपल्या असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी पाजायला घेतलं आणि पुन्हा पोटात कळ! पाजताना गर्भपिशवी आकसते, त्याची ही कळ. दुसऱ्या बाळंतपणात ही जास्त येते म्हणे. आधी लघवीला जाऊन यायचं आणि डॉक्टरांनी दिलेली पॅरासिटॅमॉल पाजायच्या जरा आधी घ्यायची, एवढ्यावर ते दिवस निभावले.