२८ किलोमीटर, ६ लिटर पाणी आणि दुपारची ती सावली: माझा अनुभव

पहाटे सव्वातीनला अलार्म वाजला तेव्हा बाहेर मिट्ट काळोख होता आणि हवा चक्क गार. दुपारी पारा ४० च्या वर जाणार आहे हे त्या गारव्यात खरंच वाटत नव्हतं. आमच्या ट्रेकचा सहावा दिवस, २८ किलोमीटर चालायचं, वाटेत एक झाड नाही आणि पाणी फक्त एका ठिकाणी, एकविसाव्या किलोमीटरला. म्हणून मी आणि मैत्रीण, दोघींनी ६-६ लिटर भरून घेतलं. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे नेहमीची ९ किलोची सॅक १५ किलोची झाली आणि उचलताना पट्टे खांद्यात रुतले. पण कोरड्या भागात वजन वाचवायला पाणी कमी घ्यायचं हा विचारसुद्धा करू नये असं माझं ठाम मत आहे.

चारला हेडटॉर्च लावून निघालो. ऊन वर यायच्या आत आठ किलोमीटर झाले, मजेत.

घोळ झाला तो नंतर. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही, आला की उडून जातो, त्यामुळे आपल्याला वाटतं आपण ठीक आहोत. मी ठरवल्यासारखी दर पंधरा-वीस मिनिटांनी सॅकमधल्या पाण्याच्या पिशवीच्या नळीतून पाणी पीत होते, नळीतला पहिला घोट तर चहासारखा गरम यायचा, तरी पीत होते. साडेनऊपर्यंत जवळजवळ ४ लिटर संपवलं आणि तरी डोकं ठणकायला लागलं, पोटात ढवळायला लागलं, आणि भर उन्हात हातावर काटा आला. तो काटा बघून मी घाबरले. मैत्रिणीनं माझ्या शर्टाची पाठ बघितली, तिथे मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते, आणि म्हणाली, "अगं, नुसतं पाणीच पितेयस ना सकाळपासून? मीठ कुठंय?"

खरंच नव्हतं. खारवलेले बदाम सॅकच्या तळाशी, ओआरएसची पाकिटं फर्स्ट एडच्या पिशवीत, आणि मला तर खायची इच्छाच नव्हती. घामातून पाण्याबरोबर मीठही जातं, आणि वरून नुसतं पाणी ओतत राहिलं तर रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं, त्यातूनही डोकेदुखी आणि मळमळ होते, आणि फार वाढलं तर जिवावर बेततं. हे मला माहीत होतं, वाचलेलं होतं, पण चालताना डोक्यात फक्त "पाणी पी, पाणी पी" एवढंच चालू होतं.

तेव्हा सतरावा किलोमीटर चालू होता, पाणी चारच किलोमीटरवर. मी म्हटलं, तासाभरात पोचू, चल. ती म्हणाली, "नाही. बस खाली." दोघींची यावर जरा वादावादीच झाली कारण आमच्याकडे प्रत्येकी दोनच लिटर उरलं होतं, पण ती अजिबात हलेना, आणि आज वाटतं की तो दिवस तिच्या त्या हट्टामुळे निभावला.

एका मोठ्या खडकाच्या पोटात कपार होती, जेमतेम दोघी मावतील एवढी. एक पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात, कमी पाण्यात नाही, असं विरघळवून मी तासभर घोट घोट घेतलं. त्यात मिठाबरोबर ग्लुकोज असतं ना, त्याच्यामुळे आतडी मीठ आणि पाणी दोन्ही पटकन ओढून घेतात. मानेवर ओला रुमाल ठेवला, कोरड्या हवेत त्याचा गारवा लगेच जाणवतो. तासाभरानं काटा गेला, दोन तासांनी भूक लागली, आणि भूक लागल्यावर मला जे हायसं वाटलं ते सांगता येणार नाही.

मग नुसतं बसणं. बूट-मोजे काढले, टाचेला लाल झालेलं होतं, फोड यायच्या आधीच टेप लावली. रुमाल पिळताना एक थेंब बाहेरच्या दगडावर पडला, काळा ठिपका झाला आणि मी बघता बघता कडेकडेनं आत आक्रसत नाहीसा झाला. सावली सरकली की आम्ही सरकायचो, शेवटी तर गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. सात तास! कंटाळा येतो, खूप येतो, आणि "थोडं ऊन उतरलंय, निघूया का" असं दर अर्ध्या तासाला वाटतं. दुपारी तीनला जमीन अजून भट्टीसारखी तापलेली असते, तेव्हा निघू नका, प्लीज.

साडेचारला निघालो, पावणेसहाला पाण्यापाशी. खडकातल्या खळग्यात बादलीभर हिरवट पाणी आणि काठावर मधमाश्याच मधमाश्या, त्यांनाही दुसरं पाणी कुठे असणार. त्यांना न हुसकावता कपानं हळूहळू काढलं, फिल्टर केलं, चाळीस मिनिटं गेली. उरलेले सात किलोमीटर संध्याकाळी आणि मग अंधारात, आरामात. मुक्कामाला पावणेनऊ वाजले. झोपायच्या आधी मी ओआरएसची पाकिटं फर्स्ट एडमधून काढून सॅकच्या पट्ट्यावरच्या खिशात ठेवली, बदामही तिथेच, आणि अलार्म परत सव्वातीनचा लावला.