काट्यांच्या पांदणीतून धारणीपर्यंत: ट्यूबलेस स्पोक चाकांचा अनुभव

मोटरसायकलने नागपूर, अमरावती, चांदूर बाजार, परतवाडा, चिखलदरा, सेमाडोह, धारणी असा फेरा करून आलो. फक्त डांबरी रस्त्यानेच फिरायचं असेल तर चाकं बदलण्यात पैसे घालू नका, हे आधीच सांगतो. वऱ्हाडात गाडी थांबते ती खड्ड्याने नाही, काट्याने. फेब्रुवारीत कपाशीची वेचणी आटोपलेली असते, वावरातली पऱ्हाटी कापून बांधावर रचलेली असते, आणि कुंपणासाठी तोडलेल्या बाभळीच्या काट्या बंडीतून (बैलगाडीतून) नेताना त्यातल्या बऱ्याच पांदणीतच, म्हणजे शेतातल्या मातीच्या वाटेवरच, सांडतात. तिथे चाकात ट्यूब आहे की नाही, यावर तुमचा दिवस ठरतो.

माझी गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०. २०२३ च्या शेवटी ही गाडी आली ती ट्यूबच्या स्पोक चाकांवर. ट्यूबलेस स्पोक चाकं कंपनीने नंतर काढली. ती मी बसवून घेतली. सोबत मित्राची जुनी हिमालयन ४११, तिला ट्यूब. त्यामुळे तुलना आपोआपच झाली.

फरक काय, ते थोडक्यात. साध्या स्पोक चाकात आऱ्याची (स्पोकची) निपल, म्हणजे आरा आवळायची टोपी, रिमच्या मधोमध भोकातून आत निघते. त्या भोकांतून हवा जाणार, म्हणून ट्यूब लागते. ट्यूबलेस स्पोक चाकात आरे रिमच्या दोन्ही कडांना अडकवलेले असतात, मधल्या पोकळीला व्हॉल्व्हखेरीज भोक नसतं. बीएमडब्ल्यूने १९८७ साली आर १०० जीएस या मोटरसायकलवर असली चाकं दिली होती. आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांपर्यंत ती आत्ता पोचली. बसवताना माप मात्र हलवू नका, पुढे २१ आणि मागे १७ इंचच ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मापात मनमानी बदल चालत नाही, आणि अपघात झाला की विमावाले असल्या गोष्टी बरोबर शोधून काढतात.

रस्त्याचं सांगतो. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा कोंढाळी-तळेगाव-तिवसा हा जुनाच महामार्ग धरा. अमरावतीपर्यंत सांगण्यासारखं काही नाही, ट्रकच्या मागे ट्रक. चांदूर बाजार सोडलं की दोन्ही बाजूंनी संत्र्याचे बगीचे लागतात आणि परतवाड्याकडे जाणाऱ्या पांदणी खुणावायला लागतात. आम्ही एकीत शिरलो. पांदण म्हणजे काळ्या मातीत बंडीच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या, मधे गवताचा उंचवटा. पुढचं २१ इंची चाक ढेकळांवरून मस्त चढतं. पाऊस पडून गेला असेल तर मात्र त्या वाटेला जाऊच नका. ती चिकण माती मडगार्डमध्ये भरली की चाकच फिरत नाही, मग ते ट्यूबलेस असो की सोन्याचं.

पांदण संपताना मागचं चाक जरा जड वाटलं. उतरून बघितलं तर बाभळीचा काटा मुळापासून मोडून टायरच्या नक्षीतल्या मधल्या गठ्ठ्यात रुतलेला, भोवती थुंकी लावली की बारीक बुडबुडे. हवा अजून निम्म्याहून जास्त होती. चाक न काढता काटा पकडीने ओढला, टोचणीने भोक साफ केलं, सोल्युशन लावून रबरी स्ट्रिप आत सारली, बाहेरचं टोक कापलं, छोट्या कॉम्प्रेसरने हवा भरली. चहा उकळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात गाडी चालू.

मित्राचं पंक्चर पुढच्या गावाच्या अलीकडे झालं. ट्यूबची हवा एकदम बसते. गाडी ढकलत टपरीपर्यंत न्यावी लागली. टपरीवरच्या काकांनी मागचं चाक उतरवलं, ट्यूब पाण्यात बुडवली, तर एकाच काट्याने तीन भोकं केलेली. काम चोख केलं त्यांनी. माझ्या चाकाकडे बघून म्हणाले, “काहून भाऊ, आरे हायेत अन् ट्यूब नाही?” कडेला बसवलेले आरे दाखवल्यावर त्यांनी बोटाने एकेक वाजवून पाहिला आणि म्हणाले, “आउट काढाले त्रास हाये याले.” आउट काढणं म्हणजे वाकडं झालेलं चाक सरळ करणं.

त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि या चाकांची गोम तिथेच आहे. साध्या रिमची कड दगडावर आपटून वाकली तरी आत ट्यूब असल्याने गाडी चालत राहते. ट्यूबलेस रिमची कड वाकली की टायर नीट बसत नाही आणि तिथून हवा जाते. म्हणून पांदणीत हवा कमी करायची ती बेताने, मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा चार-पाच पीएसआयने, त्याखाली नाही. आणि चाकं ट्यूबलेस असली तरी २१ इंची ट्यूब एक सामानात हवीच. पल्सर-प्लॅटिनामुळे १७ ची ट्यूब तालुक्याच्या गावी मिळून जाते, थोडी अरुंद असली तरी घरापर्यंत आणते. २१ ची कुठे मागणार?

परतवाड्यात टाकी भरून घ्या. धामणगाव गढीवरून चिखलदऱ्याचा घाट चढताना वळणावर खडी असते, बाकी रस्ता चांगला. शनिवार-रविवार टाळा. चिखलदऱ्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणी हा पट्टा मेळघाटच्या जंगलातला. मोबाइलला बराच वेळ रेंज नसते, म्हणून दुरुस्तीचं सगळं सामान अंगावरच्या बॅगेत, आणि अंधार पडायच्या आत जंगलाबाहेर. रात्री रानगवा रस्त्यात उभा राहिला तर कुठलंच चाक कामाचं नाही.

चाकं घ्यायला जाल तेव्हा दुकानात आधी विचारा: सोबत डिस्क, बेअरिंग आणि एबीएसची रिंग येते, की जुन्यातली काढून लावायची? टायरच्या कडेला ट्यूबलेस छापलंय का, तेही बघा. डिस्कचे बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळून घ्या. पहिल्या पाचेकशे किलोमीटरनंतर आऱ्यांचा ताण तपासून घ्या, आणि ते काम शहरात ओळखीच्या मेकॅनिककडेच करा.

दोन्ही चाकांचे पैसे जमत नसतील तर आधी मागचंच घ्या. पुढचं टायर काटा उडवून उभा करतं आणि तो मागच्यात घुसतो, त्यामुळे पंक्चर बहुतेक मागेच. मित्रही त्याच्या ४११ ला मागे बसेल असं काही मिळतं का, ते शोधतोय. जुनी चाकं विकू नका. माझ्या जुन्या जोडीवर मी जाड गठ्ठ्यांची टायरं चढवून ठेवली आहेत, पावसाळ्यातल्या चिखलासाठी.