तुम्ही विचारलंत म्हणून: ‘गुगल कर की!’

“हातात फोन असून माणसांना काय विचारत बसतेस? गुगल कर की!” मेसमध्ये मैत्रिणी विचारतात, घरी काकू विचारते. परवा बिंदू चौकात पत्ता विचारला तर रिक्षावाल्या मामांनीसुद्धा माझ्या फोनकडे बघितलं. म्हणून एकदाच सांगून टाकते.

आधी हे, की मी काही संतीण नाही. स्कॉलरशिपचा फॉर्म, नेट परीक्षेची जुनी उत्तरतालिका, कुकरची शिट्टी का होत नाही, सगळं तिथंच शोधते. तेव्हा ‘मग तू कशाला वापरतेस?’ हा प्रश्न कृपा करून नको.

बारावीची दिवाळी. घरी पाहुणे आलेले. आजोबा अडकित्त्यानं सुपारी कातरत त्यांच्या गावाकडचा पाऊस सांगत होते. “लक्ष्मी तलाव भरला की दारं आपोआप उघडायची. माणूस लागायचा न्हाई.” मला वाटलं, म्हातारा रंगवून सांगतोय. फोन काढला, इंग्रजीत ‘लक्ष्मी लेक’ टाकलं. कुठल्या कुठल्या देवळामागची तळी आली. पहिली दोन-तीन उत्तरं बघितली आणि सगळ्यांसमोर म्हटलं, “आजोबा, असला तलाव आपल्याकडं नाहीच. हे बघा.” पाहुणे हसले. मीही हसले. अडकित्ता थांबला. आजोबांनी अर्धी कातरलेली सुपारी तशीच डब्यात टाकली आणि म्हणाले, “असंल बाबा. तुझ्या फोनात असंल ते खरं.”

एम.ए.ला आल्यावर विद्यापीठाच्या ग्रंथालयात शाहू महाराजांच्या पाटबंधाऱ्यांवर वाचताना ते नाव समोर आलं. राधानगरी धरणाचं पाणी म्हणजेच लक्ष्मी तलाव. गावाला लेकीचं नाव, तलावाला राणीचं. आणि दरवाजे खरंच स्वयंचलित, सात. हे कोल्हापुरातल्या पोरीला माहीत नसावं!

फोन चुकला नव्हता. मी विचारलं त्याचं त्यानं उत्तर दिलं. ‘राधानगरी’ हा एक शब्द जोडला असता तर कदाचित लगेच सापडलं असतं. पण ते जोडायला आजोबांनाच विचारावं लागलं असतं ना.

लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी 1998 साली गुगल ही कंपनी काढली, तेव्हाची त्यांची युक्ती मला अजून आवडते: इंटरनेटवरच्या एखाद्या पानाकडे किती आणि कसली पानं बोट दाखवतात त्यावर त्याचं वजन ठरवायचं. पण लक्ष्मी तलावाकडे बोट दाखवणारी माणसं सुपारी कातरत बसलेली. त्यांचं पान कुठं?

आणि गुगल मी निवडलं होतं असंही नाही. फोन घेतला तेव्हा ते त्यात होतंच. ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेतले न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला, की गुगलनं शोधाच्या धंद्यातली मक्तेदारी बेकायदा टिकवली. फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये आधीपासून बसायला 2021 या एका वर्षात कंपनीनं 2,630 कोटी डॉलर दिले, हे त्याच खटल्यात बाहेर आलं. बदलायला दोन मिनिटं लागतात म्हणे. मी अजून बदललेलं नाही.

बारावीतली मी इथं असती तर म्हणाली असती, “आजोबा काय चुकत नाहीत का?” चुकतात की. कोल्हापूरचा 2005 चा पूर 2019 पेक्षा मोठा होता असं ते छातीठोक सांगायचे. 2019 ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फूट 7 इंचांवर गेली होती, 2005 ला पन्नासच्या आतच. तेव्हा दुरुस्त करायचं की गप्प बसायचं? मला अजून ठरवता आलेलं नाही. सगळ्यांसमोर नको, एवढंच कळलंय.

परवा मुद्दाम त्यांच्याजवळ बसले. विचारलं, “आजोबा, दारं उघडली की आवाज यायचा का हो गावात?”

त्यांनी चष्मा पुसला. “फोनात बघ की.”

“फोनात नाही ते.”

“मग ऱ्हाऊ दे,” म्हणाले आणि सुपारीचा डबा माझ्याकडं सरकवला.