शेवटचा अंक

ऑन जॉब ट्रेनिंगला, म्हणजे अभ्यासक्रमातल्या प्रत्यक्ष कामाला, पाठवलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीचं ते "सॉरी मॅडम" मंगळवारपासून कानातून जात नाहीये. चार वेळा म्हणाली. तिने एक्सेलमध्ये टाइप केलेली मुलांची यादी चुकली याचं मला एवढं काही वाटलं नव्हतं. लागलं ते दुसरंच काहीतरी, आणि ते काय हे लिहून बघितल्याशिवाय उमगणार नाही.

चूक साधी होती. आमच्याकडे पीआरएन, म्हणजे विद्यापीठाने प्रत्येक विद्यार्थ्याला दिलेला कायमचा नोंदणी क्रमांक, 16 अंकी असतो आणि एक्सेल कोणतीही संख्या 15 अंकांपर्यंतच तंतोतंत सांभाळतं. सोळावा अंक ते न विचारता शून्य करून टाकतं, कुठे सूचना नाही, लाल खूण नाही. रकान्यात आधी 2.02E+15 असं काहीतरी दिसतं. मग मुलं रकाना रुंद करतात, फॉरमॅट 'नंबर' करतात, आकडे नीट दिसायला लागले की पुढच्या नोंदीकडे वळतात. अंक तोवर गेलेला असतो. एका वर्गातल्या मुलांचे पीआरएन बरेचदा लागोपाठचे, म्हणजे पहिले पंधरा अंक तेच आणि फरक काय तो शेवटच्यात. तो शून्य झाला की आठ-दहा मुलं एकाच नंबरावर येऊन बसतात. 212 नोंदींत तेच झालं.

उपायही साधा आहे. एकही आकडा टाइप करायच्या आधी अख्खा कॉलम निवडायचा आणि फॉरमॅट 'टेक्स्ट' करायचा. एखाद-दुसराच नंबर असेल तर त्याच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह द्यायचं. नंतर टेक्स्ट करून काही उपयोग नाही, गेलेला अंक परत येत नाही, मूळ यादीकडेच जावं लागतं. उतरवून घेतलेली सीएसव्ही फाइल (नुसत्या मजकुराची, स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली) डबल-क्लिक करून उघडली तरी हाच घोटाळा होतो, आणि ती तशीच सेव्ह केली तर मूळ फाइलही हातची जाते. म्हणून ती 'डेटा'मधल्या 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही'ने आत आणायची आणि आणतानाच पीआरएनच्या कॉलमचा प्रकार टेक्स्ट ठेवायचा. काम झालं की शेवटच्या अंकांवरून एकदा नजर फिरवायची. धडधाकट यादीत शून्य साधारण दहात एकदा यावा, सगळीकडे शून्यच असेल तर थांबायचं.

अजून एक खाच आहे, तिच्यात तर शिकलेली माणसंही पडतात. कॉलम टेक्स्ट असला तरी दुबार नोंदी शोधायला काउंटइफ हे मोजणीचं सूत्र लावलं की ते त्या मजकुराला संख्याच समजतं आणि पंधरा अंकांवरच तुलना करतं. मग बरोबर असलेली यादीही दुबार दाखवते. सूत्रात ज्या चौकटीतला नंबर शोधायचा तिच्या नावापुढे, समजा A2 च्या पुढे, &"*" जोडलं की ते मजकूर म्हणून तपासतं.

फळ्यावर हे सगळं लिहून द्यायला दहा मिनिटं पुरली असती. मी दिली नव्हती. ऑन जॉब ट्रेनिंगला पाठवायच्या आधीच्या बैठकीत मी कपड्यांबद्दल बोलले, वेळेवर पोचण्याबद्दल बोलले, तिथल्या माणसांशी अदबीने वागा म्हणाले. अदबीने तर ती वागलीच.

पण तेही नाही. लागलं ते वेळेचं. चूक तिला साडेबाराला कळली होती आणि तिने सांगितलं साडेचारला. मधले चार तास ती छापील यादी शेजारी ठेवून एकेक अंक हाताने बदलत बसली होती, डबाही न खाता. आणि तेवढ्यात ती यादी दोन ठिकाणी पुढे गेली होती. तिथून फोन आला तेव्हा काय बोलणं झालं ते इथे नको.

चार तास ती कुणालाच का नाही बोलली? मीच का नाही आठवले तिला? माझा नंबर तिच्याकडे आहे. मी ओरडणारी नाही, असं मला तरी वाटतं. एवढ्या वर्षांत मुलांसाठी जे केलं त्याचं हेच का, असंही मंगळवारी रात्री वाटून गेलं. खूप वाईट वाटलं.

मग जर्नल्स आठवली. प्रॅक्टिकलला रीडिंग आलं नाही की शेजारच्याचं बघून जुळवून आणायचं, हे प्रत्येक बॅचला पहिल्या महिन्यात कळतं आणि आम्हालाही ते माहीत असतं. जुळलेल्या रीडिंगला पूर्ण मार्क, न जुळलेल्याला खाली लाल रेघ. न जुळलेलं रीडिंग तसंच ठेवून 'इथे तापमान स्थिर राहिलं नाही, म्हणून फरक पडला असावा' असं लिहिणाऱ्या मुलाला मी कधी जास्त मार्क दिलेत का? दिल्याचं आठवत नाही. अहवालांचंही तेच. यूजीसीच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या 2018 च्या नियमावलीत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि योगायोगाने जुळणारे सलग 14 पर्यंतचे शब्द साम्यात धरत नाहीत. मुलांपर्यंत यातला फक्त दहाचा आकडा पोचतो. मग ती शब्द फिरवून टक्का खाली आणत बसतात. वाचतानाच लेखक, वर्ष आणि पान क्रमांक टिपून ठेवला असता तर लपवायला काही उरलंच नसतं. पान क्रमांक राहिला की नंतर त्या एका ओळीसाठी अख्खा दिवस ग्रंथालयात जातो, आणि दिवस नसतो म्हणून ती ओळ स्वतःची म्हणून खपवली जाते.

म्हणजे लपवायला तिला कुणी वेगळं शिकवलेलं नाही. ती आमच्याच हाताखाली शिकली.

खरं तर 'चुकलं' कसं सांगायचं याचीही रीत असते आणि ती शिकवता येते. नुसतं सॉरी ऐकून समोरच्याला काही करता येत नाही. त्याला हवं असतं ते एवढंच: काय बिघडलं, कधीपासून, किती, मूळ शाबूत आहे का, दुरुस्तीला किती वेळ लागेल आणि तोवर त्याने काय करू नये. साडेबाराला तिने असं लिहून पाठवलं असतं तर?

"मॅडम, यादीतल्या पीआरएनचा शेवटचा अंक शून्य झाला आहे. सकाळपासूनच्या सगळ्या 212 नोंदी बिघडल्या आहेत. मूळ यादी माझ्याकडे जशीच्या तशी आहे. नव्याने करायला दीड तास लागेल. कृपया तोपर्यंत ही यादी पुढे पाठवू नका."

पाच वाक्यं. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि मुलं नेमकं तेच लिहीत नाहीत, कारण वरच्या माणसाला 'नका' म्हणणं त्यांना उद्धटपणा वाटतो. तो उद्धटपणा नाही हे कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं. आणि 'मूळ यादी माझ्याकडे आहे' हे लिहिता यावं म्हणून काम सुरू करायच्या आधी मूळ फाइलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची, तिला हात लावायचा नाही. चालू फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. तसं केलं की फोल्डरमध्ये त्या आपोआप ओळीने लागतात आणि फायनल, फायनल-2, खरी फायनल अशी नावं द्यावी लागत नाहीत.

काल रात्री तिचं लॉगबुक काढलं. चार क्रेडिटचं काम, 120 तास, रोज सहा तास धरले तर वीस पानं. मंगळवारच्या पानावर लिहिलंय, "आज डेटा एन्ट्रीचे काम पूर्ण केले." खाली माझी सही. त्याच संध्याकाळी, सगळं माहीत असताना, इतर पानांबरोबर मी ती केली. बाकीच्या पोरांची लॉगबुकंही चाळली. 'डेटा एन्ट्री केली', 'फाइल लावल्या', 'सरांनी सांगितलेले काम केले'. एकाही पानावर काही अडलेलं नाही. पस्तीस मुलं, इतके दिवस, आणि कुणाचंच काही अडलं नाही! आणि सगळीकडे माझ्या सह्या.

हे बघितलं आणि तिच्यावरचा उरलासुरला राग गेला. स्वतःवरचाही थोडा निवळला. असं पान मागितलं कुणी होतं? नमुन्यात रकाने तीनच: तारीख, केलेले काम, मार्गदर्शकाची सही. जेवढी जागा तेवढंच लिहिलं जाणार. एका रात्रीत मुलं निर्भय होणार नाहीत आणि मीही बदलणार नाही. पण रकाना वाढवता येतो.

म्हणून आज दुपारी नवा नमुना केला. तारीख. किती काम झालं ते आकड्यात: किती नोंदी, किती फाइली, किती पत्रं. काय अडलं किंवा चुकलं. कुणाला, किती वाजता सांगितलं. पुढच्या वेळी काय करणार. चौथ्या रकान्यात वेळ लिहायचीच, ती रिकामी असेल तर सही नाही. मार्क देताना तिसरा रकाना भरलेल्या पानाला कमी द्यायचे नाहीत हे मी माझ्यासाठी वर पेन्सिलने लिहून ठेवलंय, कारण पेपर तपासताना हात सवयीने जातो.

तिला उद्या बोलावलंय. आधी कॉलम टेक्स्ट कसा करायचा ते दाखवीन, तिच्याकडून करून घेईन, मग ते मंगळवारचं पान पुन्हा लिही म्हणेन. साडेबारा आणि साडेचार, दोन्ही वेळा घालून. जुनं पान फाडायचं नाही. त्यावरची माझी सही मी तिच्यासमोरच खोडीन.

पस्तीस प्रतींच्या झेरॉक्स सकाळी दहाच्या आत व्हायला हव्यात.